काचेपुढचा कापूस

बसून लिहिणं माझ्याच्यानं होत नाही. हे मी दुकानात, पान्यांच्या टेबलापाशी उभ्यानं लिहून राहिलोय आणि मधेच उगाच रस्त्यावर जाऊन येतोय. आमच्या घरात शिक्षणाचं भारी वेड. थोरला मास्तर, मधला कारकून, मीच तेवढा पाना-पक्कडवाला निघालो. दिवाळी अंकवाल्यांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा थोरला म्हणाला, "दौलत, भाषा जरा सांभाळ." सांभाळतो की! पण लोक जसे बोलले तसेच बोलतील, त्यांना मी मास्तर करणार नाही.

माझं काम गाडीच्या एसीचं आणि हीटरचं. दुकान आदिलाबादला, गावातून हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या भाषा तीन, पण रडगाणं एकच. तेलुगुवाला दारातूनच म्हणतो, "गाली वस्तलेदन्ना!" मार्केटातला व्यापारी म्हणतो, "हवा नहीं आ रही, भाई." आणि आपला माणूस म्हणतो, "दौलतभाऊ, हवाच येऊन नाई राह्यली." इथवर ठीक. पण पुढचं वाक्य तिघांचंही तेच असतं: गॅस भरून द्या.

अरे, गॅस कायले? गॅसनं गारवा येतो, वारा नाही येत! हे सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली. तुम्हाला सांगतो, डॅशबोर्डच्या पोटात एक मोठा डबा असतो. त्यात एक पंखा, त्याला आम्ही ब्लोअर म्हणतो. पंखा हवा ओढतो, ती गाळणीतून जाते, मग कूलिंग कॉइल नावाच्या जाळीतून गार होते, नाहीतर हीटरवरून गरम होते. त्यापुढं वाटा तीन: एक तोंडावर, एक पायाशी, एक समोरच्या काचेवर. कोणती वाट उघडायची ते आतल्या झडपा ठरवतात. गॅसचा संबंध फक्त गारव्याशी. वारा कमी झाला असेल तर वाऱ्याच्या वाटेवरच शोधावं लागतं. कापसाच्या दिवसांत गाळणी उघडली की गादी भरता येईल एवढी रुई निघते. एका गाडीत तर उंदरिणीनं त्या रुईत बाळंतपण उरकलं होतं. मालक चार हात लांब उभा राहून विचारतो, "जित्ते हाय का?" म्हटलं, "तुमीच मोजा."

वारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी उदबत्ती वापरतो. हो, देवापुढची. ती पेटवून एकेका जाळीपाशी धरायची. धूर कुठं उडतो, कुठं आत ओढला जातो, कुठं हलतच नाही, सगळं कळतं. नवीन गिऱ्हाईक मात्र चपला काढून हात जोडून उभं राहतं. एका बाईनं गाडीच्या बोनेटवर नारळ आणून ठेवला. मी देव-देव न करणाऱ्या घरातला, पण म्हटलं, असू दे. चटणी चांगली झाली.

बेल्लमपल्लीचे एक सुपरवायजर होते, कोळशाच्या खाणीत कामाला. त्यांच्या गाडीत निघताना थंडगार वारा. तासाभरानं तो कमी होत होत बंद. मग रस्त्यात एका हॉटेलाशी चहाला थांबायचं आणि परत बसले की वारा पहिल्यासारखा. त्यांचं ठाम मत झालं होतं की त्या हॉटेलाचा पायगुण आहे. "भाई, उधर चाय पिये तो एसी चलता," असं मला शपथेवर सांगायचे. दुसऱ्या हॉटेलात थांबून पाहिलं का, विचारलं तर म्हणाले, "रिस्क कायको लेना?"

मी त्यांच्या शेजारी बसून निघालो. एका जागी एवढा वेळ बसणं म्हणजे मला शिक्षाच. पाय हलव, काच खाली कर, जाळीला हात लाव. साहेब वैतागले, "बैठो ना शांती से!" शेवटी वारा मेला तसा मी गाडी थांबवायला लावून खाली वाकलो. एसीचं पाणी रोज खाली टपटपतं ना, ते ठिबकतच नव्हतं. आत कॉइलवर बर्फ धरला होता. बर्फानं जाळी बुजली, वारा जाईल कुठून? चहा पिईपर्यंत बर्फ वितळायचा आणि वाट मोकळी व्हायची. कॉइलचा गारवा मोजणारा बारका सेन्सर मेला होता, तो बदलला. साहेब खूश व्हायच्याऐवजी थोडे नाराजच झाले. हॉटेलाची महती गेली ना!

असे किस्से सांगायला बरे वाटतात. पण ज्या गाडीपायी मी अजून थंडीच्या दिवसांत पहाटे उठून अंगणात येरझारा घालतो, ती वेगळी. ती गारव्याची नव्हती, काचेची होती.

बाहेरच्या लोकांना वाटतं तेलंगणा म्हणजे बाराही महिने ऊन. त्यांनी संक्रांतीच्या आगेमागे पहाटे नेरडीगोंड्याच्या बाजूला येऊन पाहावं. धुकं असं उतरतं की हायवेवरच्या ट्रकचा फक्त आवाज येतो, ट्रक दिसत नाही. अशा वेळी गाडीत बसलं की आपल्याच श्वासानं काच आतून पांढरी होते. फडक्यानं पुसली की पुन्हा धरते. त्यावर इलाज एकच, गरम कोरडा वारा काचेवर सोडायचा. तिसरी वाट त्याचसाठी असते. डॅशबोर्डच्या वर, काचेच्या अगदी बुडाशी, लांब फट असते पाहा, ती. लोकांना ती माहीतच नसते. त्या फटीत मी पार्किंगच्या पावत्या, कंगवे, एकदा तर नथसुद्धा पाहिली आहे.

त्या थंडीत एका दुपारी मनोहर दुकानात आला. नेरडीगोंड्याकडच्या एका खेड्यातला, कापूस-ज्वारीवाला, तिशी-पस्तिशीचा. जुनी गाडी घेतली होती, तिची गाळणी मी एकदा बदलून दिली होती. त्या दिवशी आला तो बसनं उतरून पायी.

"गाडी कुठं?" मी विचारलं.

"घरी. बाबानं चाबी कमरेले बांधून ठेवली, देऊन नाई राह्यले."

त्याच्या बापाच्या किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड सकाळी सकाळी आदिलाबादच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागे. नंबर पहिल्या पाळीचा. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला. म्हणून ते अंधारात निघत. आदल्या फेरीला वाटेत काच पांढरी पडली, मनोहर एका हातानं फडकं फिरवत होता आणि गाडी रस्ता सोडून नाल्याच्या काठावर जाऊन टेकली. पलीकडं खोल होतं. लागलं कोणालाच नाही. पण म्हाताऱ्यानं घरी आल्यावर गाडीची चावी काढून घेतली आणि सांगून टाकलं, मी जात नाही.

"मी म्हटलं, बाबा, काऊन असं करता? तं म्हणते, मी तं मरतोच हाय, तुले कायले संगं नेऊ?" एवढं सांगून मनोहर रस्त्याकडं पाहत राहिला. एकुलता एक तो. "एक पाळी चुकली, भाऊ. पाय सुजले, दम लागते. उद्याची चुकली तं डॉक्टर म्हणते भरोसा नाई."

"दुसऱ्याची गाडी कर."

"म्हणते, धुक्यात कोणाच्याच पोराले नेत नाई. काच साफ राह्यते असं माह्या डोळ्यानं पाहीन, तवाच बसीन."

मी त्याला तेव्हाच सांगितलं, दुपारी बघून उपयोग नाही. हा रोग पहाटेचा आहे, पहाटेच दिसेल. त्याला बसमध्ये बसवून दिलं, पण मला काही चैन पडेना. बायको म्हणाली, "जेवा तरी बसून." कशाचं जेवण! भाकरी हातात घेऊन मी आमच्याच गाडीच्या फटीत बोटं घालून पाहत होतो.

उजाडायच्या बऱ्याच आधी मोटारसायकल काढली. गळ्यापर्यंत गुंडाळलं तरी बोटं बधिर. धुक्यात एका जागी थांबून मनोहरला फोन लावला, तो फाट्यावर कंदिलासारखा मोबाइल हलवत उभा होता, तेव्हा गाव सापडलं.

अंगणात शेकोटी होती. तिच्या शेजारी बाजेवर म्हातारा, कानाला मफलर, पाय फुगून कणगीसारखे झालेले. बोलताना मधे मधे थांबायचा, पण नजर तीच, शेतकऱ्याची, समोरच्याला जोखणारी. बाजूला मनोहरची माय, बारीक अंगाची, हातात चहाचा गंज घेऊन नुसती इकडून तिकडं फिरत होती. मी म्हटलं, बरं झालं, आपल्या जातीचं कोणी भेटलं. तिलाही बसवत नव्हतं.

"काका, चावी लागते," मी म्हटलं. "गाडी हालवत नाही. इथंच चालू करतो, पाहतो, चावी परत तुमच्या हातात."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जबान?"

"जबान."

त्यानं सदरा वर करून करगोट्याची गाठ सोडली. त्यातही त्याला दम लागला. चावी माझ्या हातावर ठेवताना म्हणाला, "मनोहरले स्टेरिंगवर बसू नको देऊ."

मग मी मनोहरला मागं बसवलं, मायलाही म्हटलं, "तुमी बी बसा. तिघांचा श्वास लागते मले." ती बिचारी गंज ठेवून बसली. काचा बंद. थोड्याच वेळात समोरची काच दुधासारखी झाली. इंजिन तापलं, तसा मी हीटर पुरा फिरवला, एसीही लावला, कारण एसी हवेतला ओलावा शोषतो, हे लोकांना थंडीत पटत नाही. पंखा पूर्ण. नुसता घोंघाट. तोंडाच्या जाळीपाशी उदबत्ती धरली, धूर मागं मनोहरच्या नाकात. पायाशी धरली, तिथंही चांगला गरम वारा. मग बटण काचेवर फिरवलं आणि उदबत्ती त्या लांब फटीवर धरली.

धूर सरळ वर गेला. देवघरात जातो तसा. मधोमध अजिबात हलेना, कोपऱ्यात तेवढा किंचित थरथरला.

"हीटर गेलं का?" मनोहरनं विचारलं.

"हीटर बी चांगलं हाय, पंखा बी चांगला हाय. वारा निघते, पण काचेपर्यंत पोचून नाई राह्यला."

डॅशबोर्डच्या खाली आडवा होऊन झडपेचा दांडा हातानं धरला, मनोहरला मागून हात लांबवून बटण फिरवायला लावलं. झडप बरोबर फिरत होती. म्हणजे दार उघडं आणि पुढची गल्ली बंद. बाहेरून म्हाताऱ्याचा खोकला येत होता, मनोहर दर मिनिटाला मोबाइलमध्ये वेळ बघत होता, आणि बधिर बोटांतून माझा स्क्रू दोनदा खाली पडला. शेवटी फटीवरची जाळी निघाली. टॉर्च मारला. आत पांढरं.

रुई असेल, म्हटलं मनात. सायकलच्या स्पोकचा आकडा केलेला माझ्याकडं असतो, तो घातला आणि ओढलं. एक बोंडभर आलं, मग दुसरं, मग मुठीएवढा गोळा, धुळीनं नमदा झालेला. खालचा तपकिरी, जुना. वरचा पांढराफेक. त्याच्याबरोबर ज्वारीचे दाणे टपाटपा डॅशबोर्डवर पडले. काचेला आतून देवीचा फोटो चिकटवलेला होता, बरोबर त्याच्याखाली. आणि कापसाला कुंकू लागलेलं होतं.

मला सगळं कळलं. आमच्याकडं पहिल्या वेचणीचा कापूस असा कोणी विकत नाही, आधी ज्वारीच्या चार दाण्यांसंगं देवापुढं ठेवतात. गाडीत देव काचेवर, आणि देवापुढं नेमकी ती फट.

मी मागं वळून न बघता म्हटलं, "जिनिंगची रुई हाय. रस्त्यानं उडून येते, बसते अंदर."

"खोटं नको बोलू, बापा," माय म्हणाली. "कुंकू माह्या हातचं हाय."

पंखा घोंघावत होता, मी तो बंद केला.

"याईची मशीन सुरू झाली तसा दर पाळीले पहिल्या वेच्यातला थोडा ठेवला. ठेवला की दुसऱ्या दिवशी दिसे नाई. मले वाटलं, देवीनं घेतला. मंग आणखी ठेवला." ती तोंडाला पदर लावून बोलत होती. "मीच का रे पोराले नाल्यात घालत होती?"

"माय, तसं नाई व," मनोहर म्हणाला. वाटलं, ही गाडी आपण उघडलीच कशाला! माझ्या आयुष्यात दोष सापडल्यावर एवढं वाईट मला कधी वाटलं नाही.

बाहेरून म्हाताऱ्यानं आवाज दिला, "काय निंगालं?"

मी खाली उतरलो. सांगायचं तर काय सांगायचं? दिल्या शब्दाप्रमाणं आधी चावी त्याच्या हातात ठेवली. मग दुसऱ्या हातात तो कापूस ठेवला, वरचा, कुंकवाचा.

त्यानं तो शेकोटीच्या उजेडात धरला. बाजेवरचं माणूस क्षणभर मार्केटात उभं असल्यासारखं झालं. थोडा कापूस चिमटीत घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ताणला, धागा पाहिला, पुन्हा ताणला. मग गाडीत बसलेल्या बायकोकडं पाहिलं.

"पहिल्या वेच्याचा हाय," तो म्हणाला. "धागा लांब हाय."

आणि कापूस घडी करावा तसा दाबून त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवला, छातीवर, आणि वरून दोनदा थोपटला.

मला म्हणाला, "काच दाखव."

मी पुन्हा चावी मागितली, पंखा लावला. त्या फटीतून भसकन वारा आला, उरलेले ज्वारीचे दाणे उडाले. काचेच्या बुडाशी आधी हातभर मोकळी जागा झाली, ती वर वर सरकत गेली. देवीचा फोटो स्वच्छ झाला, मग तिच्यापलीकडचं अंगण, मग शेकोटी, मग बाजेवर बसून आमच्याकडं पाहणारा म्हातारा. मी काही पहिल्यांदा काच साफ होताना पाहत नव्हतो, तरी जागचा हललो नाही.

म्हाताऱ्यानं मनोहरला हाक मारली. "घे चाबी. चाल, पाळी चुकते." आणि माय खाली उतरायला लागली तर तिला म्हणाला, "उतरतं कायले? बस संगं. पाह्य काच कशी साफ राह्यते ते."

मी मनोहरला घाईघाईनं सगळं समजावलं, बाहेरची हवा घे, आतलीच फिरवू नको, एसी चालू ठेव. तो हो हो म्हणत गेला. गाडीचे मागचे लाल दिवे धुक्यात दिसेनासे झाले आणि मी त्या अंगणात विझलेली उदबत्ती घेऊन एकटा फिरत राहिलो. पाळी मिळाली, असा मनोहरचा फोन येईपर्यंत मी चहाचा कप तोंडाला लावला नव्हता.

नंतर मनोहर येता-जाता दुकानासमोर हॉर्न वाजवायचा. शेजारच्या सीटवरून म्हातारा हात वर करायचा. मग पावसाळ्यात माझे गुडघे धरले, दुकान बरेच दिवस पुतण्यानं पाहिलं, आणि हॉर्न कधी थांबला ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्यानंतर मनोहर आला. गाडी घेऊन आला, एकटाच. पळसाच्या पानात काहीतरी गुंडाळून आणलेलं.

"काय म्हणते गाडी?" मी विचारलं. "वारा कमी झाला का?"

"गाडी बेस हाय." त्यानं पान उघडलं. ताज्या कापसाचं बोंड, कुंकू लावलेलं. "मायनं पाठोलं. म्हणे, दौलतभाऊले विचारून ये, गाडीत कापूस कुठं ठेवावा. वारा अडला नाई पाह्यजे."

मला हसू आलं. इतकी वर्षं वारा कुठून येतो हे सांगत आलो, कुठून येत नाही हे कोणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "त्यात काय एवढं! मागच्यासारखाच. काकाच्या खिशात."

मनोहर पानाकडं पाहत राहिला.

"बाबा पोळ्याच्या आधी गेले, भाऊ. घरीच गेले, झोपेत. पाळी एक बी चुकली नाई." मग म्हणाला, "सदरा तसाच होता. तो कापूस बी. मायनं काढू नाई देला, संगंच जाऊ देला."

गाडीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. दार उघडलं, फट पाहिली, जाळ्या पाहिल्या, उगाच पंखा लावला, बंद केला. शेजारची सीट रिकामी होती आणि तिचा पट्टा कोणीतरी नीट लावून ठेवला होता.

मग मी हात पुसले, ते बोंड उचललं आणि मनोहरच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. वरून दोनदा थोपटलं.

"मायले सांग," म्हटलं, "बरोबर जागी ठेवला."